उलट्या फेरीचं पाणी

१२ जानेवारी, रविवार. एडिसन

पोचलो एकदाचा! गुडघे, चष्मा, कवळी, सगळं जागच्या जागी आहे. नेवार्कच्या विमानतळावर व्हीलचेअर ढकलणाऱ्या बाईंनी मला वाटेत दोनदा ‘हनी’ म्हटलं. नकुलला कौतुकानं सांगितलं, तर म्हणतो कसा, बाबा, इथं सगळ्यांनाच म्हणतात, मनावर घेऊ नका. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मनावर घ्यायला दुसरं उरलंय काय? घेतलं आहे.

लेकाचं घर झकास आहे. बैठं, साठ वर्षांचं जुनं, खाली तळघर. सूनबाई रुहीनं हौसेनं हिंडून दाखवलं. पूर्वेला दार, आत प्रशस्त हॉल, दक्षिणेच्या भिंतीपलीकडे माझी खोली, पश्चिमेला मागच्या अंगणाची भलीमोठी खिडकी आणि उत्तरेला, मध्ये भिंतच नसलेलं, उघडं स्वयंपाकघर. बाहेर बर्फ, आत मी सदऱ्यावर! हे कसं, म्हणून विचारलं, तर रुहीनं तळघरात नेऊन बॉयलर दाखवला. तिथं पाणी तापतं. नारळाएवढा एक पंप ते पाणी तांब्याच्या नळीत ढकलतो. नळी हॉलला आणि स्वयंपाकघराला वळसा घालत भिंतींच्या पायाशी पत्र्याच्या झाकणाआड फिरते आणि पाणी पुन्हा खाली येतं. तेच पाणी, वर्षानुवर्षं. एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात कालव्यावर काढलेल्या माणसाला यापेक्षा चांगलं घर कुठलं मिळणार!

रात्री चौथीतल्या कवितेसारखं काहीतरी सुचलं, तेही लिहून ठेवतो:

भिंतींच्या पायाशी उबेचं पाणी,
घर गुणगुणतं आपलीच गाणी.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सकाळी सगळ्यांच्या आधी उठलो आणि एक नवा खेळ सापडला. बॉयलर सुरू झाल्यावर भिंतीलगत वाकून पत्र्याला तळवा लावायचा. आधी दाराची बाजू कोमट होते, मग माझ्या खोलीची, मग खिडकीखालची आणि सगळ्यात शेवटी स्वयंपाकघराची. पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर. ऊब पुढं आणि मी मागं. अगदी प्रदक्षिणा! रुहीनं मला वाकलेला पाहिलं आणि तिला वाटलं माझी कवळी हरवली.

संध्याकाळी रुहीची मैत्रीण नैना तिच्या वडिलांना घेऊन तिळगूळ द्यायला आली. प्रल्हादराव दोन गल्ल्या पलीकडे राहतात. सांगलीकडच्या एका पंपांच्या कारखान्यात चाळीस वर्षं नोकरी, आता लेकीकडे. मी कालव्यावर होतो म्हटल्यावर हा गृहस्थ हसायलाच लागला. म्हणे, मोरेश्वरराव, पाणी उताराकडे आपलं आपण जातं, आणि तुम्ही त्याचा पगार घेतलात! मला माणूस आवडला. पुष्कळ दिवसांनी कुणी तोंडावर चेष्टा केली. माझी बायको वसुधा गेल्यापासून सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात.

१७ जानेवारी, शुक्रवार

घरात खलबतं चालली आहेत. नागपूरला रुहीच्या आईच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं आहे आणि दोघांनाही तीन आठवडे जावं लागणार. माझं काय करायचं? नकुलनं गुपचूप एका ‘सीनिअर लिव्हिंग’मध्ये चौकशी करून ठेवली होती. रंगीत माहितीपत्रक माझ्यापुढं सरकवलं. त्यात सगळे म्हातारे हसताहेत. एकालाही घरी एकटं असताना हसू येत नसेल म्हणून तिथं जाऊन हसताहेत, असं मला वाटलं.

मी सरळ सांगितलं, मी इथंच राहीन. मला खिचडी येते, गोळ्या कळतात, फोन करता येतो. मग बराच खल झाला. शेवटी नकुल म्हणाला, ठीक आहे बाबा, तीन आठवडे राहून दाखवा. जमलं तर पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर मात्र माझं ऐकायचं.

मिरजेचा फ्लॅट विकला आहे. परत जायला जागा नाही. तेव्हा जमवायचंच.

२० जानेवारी, सोमवार

पाखरं शनिवारी उडाली. घर मोठं झालं. सकाळी ऊब येते, मी तिच्याबरोबर एक फेरी घालतो, चहा घेतो, खिडकीशी बसतो. अंगणात एक खार आहे, तिच्याशी बोलतो. मराठी तिला कळत नाही, पण नातवंडांनाही कुठं कळलं असतं!

दुपारी शाळेतल्या कविता चालीवर म्हणतो. पंपाचा सूर पेटीच्या काळी दोनमध्ये आहे. सगळ्या वर्गानं डोलत म्हटलेल्या ओळी त्यावर बरोब्बर बसतात. मध्येच थांबलो की घर एकटंच गुणगुणत राहतं. बरं वाटतं. कुणीतरी पुढची ओळ धरून ठेवल्यासारखं.

२३ जानेवारी, गुरुवार

सकाळी गाणं बंद. पत्रे थंडगार. तळघरात जाऊन पाहिलं, तर बॉयलर तापलेला, पंप मुका. हात लावला तर तो निखाऱ्यासारखा गरम आणि जळका वास. बटण बंद केलं. बाहेर उणे अकरा.

नकुलला फोन लावला. त्यानं तिकडून प्लंबरला गाठलं. थंडीच्या लाटेमुळे प्लंबर सोमवारशिवाय येत नाही. नकुल म्हणाला, बाबा, तुमची चूक नाही, पण आता हट्ट नको, त्या लोकांकडे एक खोली रिकामी आहे. ‘हट्ट’ हा शब्द मी त्याला शिकवला. त्यानं तो मला परत केला.

मी प्रल्हादरावांना फोन केला.

२४ जानेवारी, शुक्रवार

आजचा दिवस लिहून ठेवण्याजोगा! नैनानं दुकानातून पंप आणला आणि वडिलांना सोडून ती ऑफिसला गेली. प्रल्हादरावांनी सांगलीहून आणलेल्या पान्यांची थैली उघडली. वयं मिळून दीडशे, गुडघे चार, त्यांतला एक धड. आधी वीज तोडली. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद केले. चार बोल्ट. एकानं दमवलं. जुना पंप निघाला तेव्हा बादलीत शाईसारखं काळं पाणी पडलं. साठ वर्षं याच भिंतींभोवती फिरलेलं. मी नकळत हात जोडले. प्रल्हादराव म्हणाले, नमस्कार राहू द्या, बॅटरी धरा!

पंपाच्या अंगावर बाण असतो, पाणी कुठं ढकलायचं त्याचा. जुन्याचा बाण पाहून प्रल्हादराव खदखदा हसले. त्यांचं म्हणणं, आधीच्या माणसानं पंप उलटा बसवला होता, म्हणून त्याचं आयुष्य असं गेलं. त्यांनी नवा पंप उलट दिशेनं धरला. मी म्हटलं, अहो, पण दहा दिवस मी हातानं पाहतोय, पाणी दाराकडून जातं. त्यावर ते म्हणाले, कालवेवाले, तुम्ही तुमचा उतार सांभाळा, पंप मला सांभाळू द्या.

मी नुसती बॅटरी धरली. मित्र एकच आहे, तोही दहा दिवसांचा. दिशेवरून कशाला घालवायचा?

अर्ध्या तासात पत्रे तापले. आम्ही आलं घातलेला चहा घेतला आणि विजयी वीरांसारखे बसलो. नकुलला सांगितलं, तर तो आधी इंग्रजीत ओरडला आणि मग मराठीत म्हणाला, मानलं बाबा. हे ‘मानलं’ मी आज उशीखाली घेऊन झोपणार.

२५ जानेवारी, शनिवार

ऊब आज स्वयंपाकघरातून निघाली. तिथून खिडकी, मग माझी खोली आणि शेवटी दार. मी सवयीनं दाराशी वाकून बसलो होतो. बराच वेळ थंड पत्र्याला हात लावून. ती माझ्या पाठीमागून आली.

हसलो. पण तिच्याबरोबर फेरी घालावीशी वाटली नाही. त्या बाजूनं आपण चालत नाही.

२६ जानेवारी, रविवार

पंपाचा सूर बदलला आहे. गुणगुणणं नाही, तोंड मिटून कुणी पुटपुटावं तसं. कविता म्हणायला बसलो तर शेवटचं कडवं आधी ओठांवर आलं, मग त्याच्या आधीचं. पहिली ओळ काही केल्या आठवेना. सत्तर वर्षांत असं झालं नव्हतं. खार आज आली नाही. नकुलचा फोन नाही, तिकडे ऑपरेशन उद्यावर आलं असणार.

दिवसभर कुणाशीही बोललो नाही हे संध्याकाळी पाच वाजता लक्षात आलं.

२७ जानेवारी, सोमवार

दुपारी चारच्या सुमारास खोलीतून बाहेर आलो, तर हॉलच्या लाकडी जमिनीवर पाण्याचे थेंब. भिंतीपासून हातभर अंतरावर, वीतभर सोडून एक, वीतभर सोडून एक, सगळ्या हॉलला वळसा. सुरुवात स्वयंपाकघराकडून. तिथले वाळत आलेले होते आणि दाराजवळचा ताजा, थरथरणारा.

पत्र्याची झाकणं पुसून पाहिली. कोरडी. छत कोरडं. माझ्या हातात तांब्या नव्हता.

पुसून टाकलं. नकुलला सांगितलं नाही. ऑपरेशन नीट झालं म्हणाला, त्याबद्दलच विचारत बसलो.

२८ जानेवारी, मंगळवार

प्रल्हादरावांना बोलावलं. त्यांनी प्रत्येक सांध्याला कागदी रुमाल लावून पाहिला, टिपूसही नाही. बुटांचा बर्फ असेल म्हणाले. मी कालपासून बाहेर पडलो नाही, हे त्यांना पटेना. शेवटी लाज सोडून म्हटलं, तेवढा पंप फिरवून पूर्वीसारखा करा. पाणी उलटं फिरतंय, अप्रदक्षिणा होतेय. त्यांनी पान्यांची थैली बांधली. मग म्हणाले, मोरेश्वरराव, नळीतल्या पाण्याला देव ना धर्म. बोस्टनहून आलो की फिरवून देतो, तुमच्या समाधानासाठी. नैना त्यांना उद्या पहाटे आठवड्यासाठी बोस्टनला नेते आहे.

ते गेल्यावर फार सुनं वाटलं. आणि मग एक विचार आला. तो इथं लिहितो, कारण सांगणार कुणाला?

वसुधा जाऊन दहा महिने झाले. पहाटे उठून सडा घालायची तिची सवय. फ्लॅटमध्ये आल्यावर अंगण नव्हतं, तर उंबऱ्याबाहेर चार थेंब शिंपडायची. वाटलं, तीच आली असेल. एवढ्या लांब, वाट चुकत, उलट्या बाजूनं का होईना.

आरामखुर्ची भिंतीजवळून ओढून हॉलच्या मधोमध आणली. तिच्या वाटेत नको.

२९ जानेवारी, बुधवार

खुर्चीत बसून होतो, दुपारी. डोळे मिटले नव्हते. मागं स्वयंपाकघराकडे आवाज झाला — टक्. दगड मडक्याला लागावा तसा. मग अनवाणी पावलं. जड. सावकाश. भिंतीकडेनं. मी म्हटलं, आलीस? पावलं थांबली नाहीत. खिडकीसमोरून गेली तेव्हा समोर उजेड होता आणि उजेडात कुणी नव्हतं. फक्त थेंब पडत गेले, एकेक.

आज दोन रांगा. परवाची मी पुसलेली, तीही परत. दोन्ही शेजारी शेजारी.

ती वसुधाची पावलं नव्हती. सेहेचाळीस वर्षं ऐकली आहेत, चुकणार नाही. ही पुरुषाची. ओझं खांद्यावर असलेल्या पुरुषाची.

भिंतीवरचं तापमानाचं यंत्र बहात्तर फॅरनहाइट दाखवतं. पत्र्यांना हात लागत नाही इतके तापलेत. खुर्चीत मात्र — मधोमध — माझी नखं निळी.

३० जानेवारी, गुरुवार

कळलं. काल झोप नव्हती, तेव्हाच कळलं. लिहितो.

वसुधा गेली तेव्हा नकुलला विमान मिळालं नाही. थांबणं शक्य नव्हतं. अग्नी मीच दिला. जानवं उलट्या खांद्यावर, खांद्यावर पाण्याचं मडकं आणि चितेला उलट्या फेऱ्या, तीन. प्रत्येक फेरीला मागून कुणीतरी मडक्याला दगडानं भोक पाडतं. टक्. धार पाठीवरून सांडत जाते. तिसऱ्या फेरीनंतर मडकं मागच्या मागं टाकायचं आणि वळून न पाहता चालू लागायचं.

मी वळून पाहिलं. घरात काही पडलं की ‘काय गं, काय फुटलं?’ म्हणत मी वळायचो. सेहेचाळीस वर्षांची सवय. मडकं फुटलं, मी वळलो, विचारलंही. लोक मला धरून घेऊन गेले. कुणी पुढं तो विषय काढला नाही.

दोन फेऱ्या झाल्या आहेत इथं. आणि फेऱ्या घालतात त्या मधोमध असलेल्याला.

नकुलला फोन केला. म्हटलं, मला जमत नाही, ये. तू म्हणशील तिथं राहीन.  तो म्हणाला, निघतो. शनिवारी दुपारी पोचतो. बाबा, पडलात का? छातीत दुखतंय का? म्हटलं, नाही, नुसता ये. रडलो. ऐकू गेलं असावं. हरलो — पण लेक येतो आहे.

३१ जानेवारी, शुक्रवार

बर्फ. खिडकी अर्धी बुजली.

तळघरात जाऊन बॉयलरचं लाल बटण बंद केलं. पंप थांबला. आवाज बंद. वर आलो. तासाभरानं स्वयंपाकघराचा पत्रा तापला. मग खिडकी. मग —

वीज नाही, जाळ नाही. तरी फिरतंय.

ओल्या रांगा वाळत नाहीत. वर येताना ओलांडून आलो. आता पाय उचलत नाही. शाल घेतली आहे. बिस्किटं आहेत. फोन मांडीवर. आज पावलं नाहीत. कुणाची तरी वाट पाहिल्यासारखी शांतता.

तिसरी कोण घालणार? तिसरी फेरी कुणाची —

१ फेब्रुवारी, शनिवार

उजाडलं. आलं नाही कुणी. अक्षर वेडंवाकडं —

नकुल उतरला. नेवार्कहून बोलला. बॉयलर बंद, तरी पत्रे गरम, जमीन ओली, एवढं त्याला सांगितलं. म्हणाला, खुर्चीतून उठू नका बाबा, जमीन ओली असेल तर घसराल. आहात तिथंच मधोमध बसून राहा.

बसलोय.

दोन वाजले. मोटार. गॅरेजचं दार. गॅरेजमधून वाट स्वयंपाकघरात — तिकडूनच आला. नकुल! खरा नकुल, दाढी वाढलेली, कानात फोनची बोंडं. ओले बूट-मोजे काढून अनवाणी. माझ्याकडे पाहून हात केला, एक मिनिट बाबा, म्हणाला. प्लंबरशी बोलतो आहे. म्हणतो, बॉयलर बंद आहे आणि पाइप गरम कसे?

वाकून पत्र्याला हात लावतोय. स्वयंपाकघराकडून. कडेकडेनं. खांद्यावर सॅक, तिच्यावरचा बर्फ वितळतोय. थेंब. वीतभर सोडून —

त्या बाजूनं नको, म्हटलं. आवाज निघत नाही. पुन्हा म्हटलं. बोंडं काढ रे कानातली.

खिडकी ओलांडली. सॅकमधलं काहीतरी चौकटीला लागलं — टक्.

ही तीच पावलं. ओझ्याची. त्या दिवशी मी ओळखली नाहीत. पोटच्या पोराची, आणि —

माझ्या खोलीची भिंत. गारठा गळ्यापर्यंत. पेन धरवत

दाराशी पोचला. फेरी पुरी. पाठ माझ्याकडे. अजून बोलतोच आहे. पट्टा सैल करतोय, सॅक खांद्यावरून — मागच्या मागं — नकुल, बाळा, एकदा वळून माझ्याकडे —